जुन्या फोटोंतील माणसे आणि घरे

(मंडळाच्या वर्धापनदिनी वळसंग येथे केलेले भाषण)



मंडळाच्या वर्धापनदिनी दरवर्षी कोणी तरी शिकल्यासवरलेल्या बाई बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा चिटणीस ताईंनी माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, आणि हातात कागद घेऊन चारचौघींपुढे उभी राहण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. तेव्हा काही उणे-अधिक बोलून गेले तर सांभाळून घ्यावे. मंडळाने यंदा घरोघरचे जुने फोटो मागविले आणि ते येथे फळ्यांवर लावले आहेत. ते जमविण्याचे काम माझ्याकडे होते. महिनाभर दुपारच्या वेळी मी गावात हिंडले. त्या हिंडण्यात जे पाहिले, जे ऐकले आणि त्यावरून जे मनात आले, तेवढेच सांगते.

फोटो मागायला गेले की पहिले उत्तर ठरलेले. “आमच्याकडे कुठले हो फोटो? आम्ही साधी माणसे.” मग चहा होई, आणि चहा होईपर्यंत घरातली म्हातारी उठून ट्रंकेच्या तळातून, देवांच्या मागून, नाही तर जुन्या पंचांगातून एक तरी फोटो काढी. तो हातात घेतला की ती म्हणे, “आमची माणसे मूळची इथली नव्हेत बाई.” हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले की मला नवल वाटले. आपण सगळ्याजणी ‘वळसंगकर’ म्हणून मिरवतो, पण खणून पाहिले तर प्रत्येक घर कोठून तरी आलेले. कोणी दुष्काळात आले, कोणी बहीण दिली म्हणून मागोमाग आले, कोणी पोटाच्या धंद्यासाठी आले. आपला मुलूखच तसा आहे. एका अंगाला सोलापूर, दुसऱ्या अंगाला तेव्हाचे अक्कलकोटचे संस्थान, आणि त्यांच्या पलीकडे तेव्हाचे निजामाचे राज्य. म्हणून तर आपल्या एका गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषांत भांडण होते आणि चारही भाषांत ते मिटते.

आमच्या घरचे उदाहरण देते. सोलापूरला आगगाडी आली ती १८६० साली. १८७६ ते १८७८ या सालांत मोठा दुष्काळ पडला. त्याच सुमारास, १८७७ मध्ये, सोलापुरात पहिली कापडगिरणी चालू झाली. तिलाच पुढे जुनी गिरणी म्हणू लागले. तेलंगणातून मागवाली माणसे पोट भरण्यासाठी सोलापुराकडे येत राहिली. त्या लोंढ्यात आमच्या यजमानांचे पणजोबा आले. आधी सोलापुरात दुसऱ्याच्या मागावर बसले, मग येथे वळसंगला आले. माझ्या सासूबाई सांगतात की त्यांनी कोणाची तरी पडवी भाड्याने घेतली आणि दाराला कडी बसविण्याआधी मागाचा खड्डा खणला. खड्डामाग म्हणजे तोच. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायांनी पावड्या दाबतो आणि हाताने धोटा फेकतो. कांड्या भरण्याचे, सूत उकलण्याचे, खळ लावण्याचे काम बायकांचे. घर म्हणजे माग, आणि मागाच्या कडेला उरलेल्या जागेत संसार.

आता तुम्हांला वाटेल, एवढे ज्या घरात घडले त्या घराचा फोटो आमच्याकडे असेल. तो नाही. आणि आमच्याकडेच नव्हे, मी पाहिलेल्या बहुतेक जुन्या फोटोंत घर दिसतच नाही. फळ्यांजवळ जाऊन पाहा. मागे काय आहे? रंगविलेला पडदा. त्यावर संगमरवरी खांब, वर जाणारा जिना, फुलांच्या कुंड्या, एखादे तळे. पुढे आपले पणजोबा धोतर, कोट आणि पटका घालून, गुडघ्यावर हात ठेवून बसलेले. वळसंगात कोणाच्या घराला संगमरवरी खांब होते? माणसे बैलगाडीने सोलापूरला जात, ठेवणीतले कपडे नेसत, आणि स्टुडिओतल्या पडद्यापुढे बसून एक फोटो काढून घेत. त्यातही फोटो उमटायला वेळ लागे. फोटोवाला काळ्या फडक्याखाली शिरे आणि “हलू नका” म्हणे, म्हणून सगळ्यांचे चेहरे ताठ. आपले पूर्वज रागीट होते असे मुलांना वाटते. ते रागीट नव्हते, हलायची मनाई होती, एवढेच.

घर का नाही, याचा विचार करताना मला लांबच्या एका फोटोची मदत झाली. माझी लेक सोलापूरला कॉलेजात शिकते. माझा हा उद्योग पाहून तिने मला अमेरिकेतील नेब्रास्का प्रांताचे जुने फोटो दाखविले. तेथील सरकारने १८६२ साली कायदा केला, की जो माळरानावर येऊन राहील आणि पाच वर्षे जमीन कसेल त्याला १६० एकर मिळतील. त्या जमिनीवर आधीपासून तेथले मूळ लोक राहत होते आणि त्यांना हटवून ती मोकळी केलेली होती, हेही लेकीने सांगितले. ते आपण ध्यानात ठेवावे. त्या माळावर झाड नाही, दगड नाही. म्हणून नव्याने आलेल्या माणसांनी गवताच्या मुळांनी घट्ट झालेली माती नांगराने पट्टे काढून कापली, ते तुकडे विटांसारखे रचले आणि त्यांत संसार थाटले. सॉलोमन बुचर नावाचा एक फोटोवाला १८८६ पासून गाडी जोडून त्या भागात घरोघर फिरला आणि ही माणसे त्यांच्या घरांपुढे उभी करून त्याने फोटो काढले. त्याचे तीन हजारांवर फोटो आजही जपलेले आहेत. माणसांनी आपली गाय, घोडे, टेबल-खुर्च्या, जे काही होते ते अंगणात मांडलेले दिसते.

त्यांत एक फोटो वेगळा आहे. एका घरची बाई मातीच्या घरापुढे उभी राहायला कबूल होईना. दूर राहणाऱ्या ओळखीच्या माणसांना आपले घर दिसू नये, पण घरात मोठी बाजाची पेटी आहे एवढे मात्र दिसावे, असे तिचे म्हणणे. शेवटी ती अवजड पेटी ओढून उघड्या माळावर आणली आणि सगळे कुटुंब तिच्याभोवती उभे राहिले. मातीचे घर फोटोत आलेच नाही.

लेक हसली, मला हसू आले नाही. त्या बाईचे मन मला समजले. ज्या घरात आपण राबतो, सारवतो, बाळंत होतो, त्याच घराची आपल्याला लाज वाटते. तिची ती पेटी, आणि आपला तो रंगीत पडदा. भाषा निराळी, पण बाईची जात एकच.

परंतु भगिनींनो, मी जुन्या घरांचे गोडवे गाणार नाही. माळवदाच्या घरात मी स्वतः वाढले. उन्हाळ्यात गारवा खरा. पण दर मृगाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकून ती चोपायची, पाऊस लागून राहिला की गळतीखाली परात, पातेले, घंगाळ मांडायचे, आठवड्याला जमीन सारवायची, आणि साण्यातून जेवढा उजेड येईल तेवढ्यात डोळे फोडून धान्य निवडायचे, ही कामे कोणाची होती? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचे ओझे, त्याखाली हजारो माणसे झोपेतच गेली. पुढे तेथली बावन्न गावे नव्या जागी वसविली. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या घरी त्यानंतर कितीतरी दिवस सारी माणसे अंगणात झोपत होती. म्हणून कोणी माळवद उतरवून स्लॅब टाकला तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. आम्हीही टाकला.

माझे म्हणणे एवढेच, की घर पाडण्याआधी त्याचा फोटो घ्यावा. आमच्याकडे जुन्या घराची जी काही खूण उरली ती योगायोगाने उरली. सासरेबुवांच्या धाकट्या बहिणीचे लग्न दारात झाले, तेव्हाचा एक फोटो आहे. सगळ्यांची नजर नवरानवरीकडे जाते. मी त्यांच्या मागे, कोपऱ्यात बोट ठेवले आणि सासूबाईंना विचारले, “हे काय?” तुळईला सुताच्या लडी टांगलेल्या, भिंतीत दिव्याच्या काजळीने काळा झालेला कोनाडा, आणि एका पोराच्या पायाशी मागाच्या खड्ड्याची कड. सासूबाई एरवी मोजके बोलतात, पण त्या दिवशी संध्याकाळचा दिवा लावायची वेळ होईपर्यंत बोलत होत्या. त्या कोनाड्यात हिशेबाची वही असे. खड्ड्याच्या कडेला पाळणा बांधलेला असे, आणि माग चालला की त्या आवाजाने पोर झोपे. माग थांबला की ते रडे. फोटोतली एवढीशी कड दिसली नसती तर हे त्यांनाही आठवले नसते.

आता दुसरी गोष्ट सांगते, ती नावांची.

इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातील लोकांच्या फोटोंचे आठ खंड छापले. त्यांचे नाव ‘द पीपल ऑफ इंडिया’. चारशेच्या वर फोटो आहेत. त्यांत बहुतेक फोटोंखाली जातीचे किंवा जमातीचे नाव आहे, माणसाचे नाही. जसा व्यापारी धान्याचा नमुना मूठभर काढून ठेवतो, तसा माणसांचा नमुना. वाचून वाईट वाटते. पण इंग्रजांना नावे ठेवणे सोपे. आपण आपल्या घरचा फोटो उलटा करून पाहू.

आमच्या घरी स्टुडिओत काढलेला एक फोटो आहे. सासरेबुवा त्यात तान्हे आहेत, म्हणजे तो १९४४ च्या आसपासचा असावा. पाच पुरुष, चार बायका आणि मांडीवर हे मूल. पुठ्ठ्याच्या मागे शाईने, सुरेख अक्षरात, पाचही पुरुषांची नावे बापाच्या नावासह लिहिली आहेत. तान्ह्या मुलाचेही नाव आहे. शेवटच्या ओळीत लिहिले आहे, ‘व घरची मंडळी’. चार बायकांची मिळून ती एक ओळ.

त्यांतल्या तिघी सासूबाईंनी लगेच ओळखल्या. चौथी अगदी कडेला उभी आहे. कपाळ मोकळे, हात मोकळे, पदर कानामागून घट्ट. सासूबाई म्हणाल्या, “ह्या आत्याबाई. तरुणपणी विधवा होऊन भावाकडे आल्या आणि जन्मभर ह्याच घरात कांड्या भरल्या.” नाव विचारले तर त्यांना सांगता येईना. त्या या घरात आल्या तेव्हा लहानथोर सारेच त्यांना आत्या म्हणत. मी सोलापूरच्या चुलत्यांकडे विचारले, त्यांनाही ठाऊक नाही. शेवटी आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, नव्वदीला टेकलेल्या एका आजींकडे फोटो घेऊन गेले. त्यांना दिसते कमी. त्यांनी फोटो डोळ्यांशी नेला, बराच वेळ पाहिला आणि चटकन नाव घेतले. वर म्हणाल्या, “हिने मला पहिली चोळी शिवून दिली. तुमच्या घरचा दुसरा माग हिच्या पाटल्यांवर आला, ते ठाऊक आहे का?”

आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हते. ज्या दुसऱ्या मागामुळे आमचे घर या गावात टिकले, तो एका बाईने आपल्या पाटल्या मोडून आणला, आणि तिचे नाव साऱ्या गावात एकाच म्हातारीच्या आठवणीत उरले होते. घरी येऊन सासूबाईंना सांगितले. त्यांनी ते नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले. मग स्वतः एकदा म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. त्या आजी आज प्रकृतीमुळे येथे येऊ शकल्या नाहीत. आत्याबाईंचे नाव मी येथे सांगत नाही. दुसऱ्या फळ्यावर फोटोखाली लिहिले आहे, ते आपण जवळ जाऊन वाचावे. एका बाईचे नाव वाचायला चार बाया पुढे गेल्या, एवढे तरी तिच्या वाट्याला येऊ द्या.

आपण बायका उखाण्यात जन्मभर नवऱ्याचे नाव घेतो. हौसेने घेतो, त्यात काही वावगे नाही. पण आपले नाव कोणी घ्यायचे? त्यातून आपल्याला नावे दोन. माहेरचे एक, लग्नात तांदळांत लिहिलेले दुसरे. सासरी माहेरचे नाव कोणाला माहीत नसते आणि माहेरी सासरचे नाव कोणाच्या तोंडी बसत नाही. असे दोन्हीकडून पुसले जाते. म्हणून फोटोमागे बाईची दोन्ही नावे लिहा, आणि माहेरचे गावही लिहा.

पूर्वी बायकांचे फोटो मुळातच थोडे निघत. हैदराबादेत राजा दीनदयाळ हे निजामाचे नामांकित फोटोवाले. त्यांनी १८९२ साली पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तेथे फोटो काढायलाही बाईच नेमली. पण ती सोय थोरामोठ्यांच्या घरची. आपल्या आज्या-पणज्या पुरुषांच्या मागे, कडेला, अर्ध्या पदराआड उभ्या आहेत. कडेचे माणूस आधी विसरले जाते, म्हणून लिहायला कडेपासून सुरुवात करावी.

आणि काही घरांत तर मला एकही फोटो मिळाला नाही. फोटोला पैसा लागे, आणि स्टुडिओची पायरी चढायला धीरही लागे. आपल्या गावातली ती विहीर सर्वांना माहीत आहे, जेथे १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. ज्यांना इतरांच्या पाण्याला हात लावू दिला जात नव्हता, त्यांच्या हक्काच्या पाण्याची ती जागा. त्या काळी त्या वस्तीतल्या किती आज्यांचा फोटो निघाला असेल? म्हणून मी असे धरते की, ज्या घरी फोटो नाही त्या घरची आठवण वस्तूत असते. जाते असेल, पाटा-वरवंटा असेल, चौकट असेल, विहिरीची पायरी असेल. तिचाच आज फोटो घ्यावा आणि ती ज्या बाईच्या हातची, तिचे नाव खाली लिहावे. तो फोटोही फळ्यावर बरोबरीने लागेल.

आता कामाचे चार शब्द. फोटोच्या मागे नावे लिहायची ती मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनने लिहिले की पुढच्या बाजूला वळ उमटतात. नावे डावीकडून उजवीकडे, ओळीने लिहावीत. फोटो ओल्या फडक्याने कधी पुसू नये. चुलीच्या किंवा गॅसच्या भिंतीला टांगू नये, धूर आणि वाफ त्याला खातात. फाटलेला फोटो चिकटपट्टीने जोडू नये, पट्टी पिवळी पडते आणि डाग राहतो. फ्रेमच्या काचेला फोटो चिकटला असेल तर ओढून काढू नये, काचेसकट त्याचा मोबाईलवर फोटो घ्यावा, दिवसाच्या उजेडात, सावलीत, फ्लॅश न लावता. साल ठाऊक नसेल तर कपडे पाहावेत. गांधी टोपी दिसली तर फोटो १९२० च्या आधीचा नव्हे. एवढ्यानेही दहा-वीस वर्षांचा अंदाज लागतो.

आणि फोटो एकाच घरी ठेवू नये. त्या नेब्रास्काच्या बुचरचे घर १८९९ साली जळाले. छापलेले फोटो आणि लोकांकडून लिहून आणलेल्या हकिकती सगळ्या गेल्या. मूळच्या काचा मात्र धान्याच्या कोठारात ठेवल्या होत्या, म्हणून वाचल्या. आपल्याकडेही आग आहे, वाळवी आहे, आणि वाटणीच्या वेळची भांडणे आहेत. एक प्रत आपल्याकडे, एक नणंदेकडे आणि एक मंडळाकडे असावी.

त्यासाठी मंडळाने एक जाड वही घातली आहे. ती आजपासून खजिनदार ताईंकडे राहील. ज्या घरातून फोटो आला त्या घराचे एक पान. वर घराचे नाव, ते कोठून आले आणि कशासाठी आले, घर कोठे होते, त्यात काय होते, आणि त्या घरच्या बायकांची नावे. लिहिता येत नसेल त्यांनी सांगावे, मी लिहून घेईन. माझे अक्षर बरे आहे असे गुरुजी म्हणत.

आमच्या गल्लीत या दिवाळीनंतर दोन माळवदे उतरणार आहेत. तुमच्याही गल्लीत असतील. पहार लागण्याच्या आदल्या दिवशी त्या घरातल्या सर्वांत वडील बाईला दारात उभी करा, आत चुलीपाशी बसवा आणि फोटो घ्या. ती म्हणेल, “हे कसले घर दाखवता, नवे झाल्यावर काढा.” तरीही काढा. पडदा लावू नका. नंतर तिला शेजारी बसवून प्रत्येक कोनाड्याचे विचारा, आणि सासू, आजेसासू, जावा, नणंदा यांची नावे विचारा. हे काम उद्यावर टाकण्याजोगे नाही. घर पडले तर वीट आणून पुन्हा बांधता येते. नाव जिला आठवते ती म्हातारी गेली की ते कोठून आणणार?